एका वायद्याची वाटचाल : गॉर्डन मूर आणि इंटेल

अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकाने १९ एप्रिल १९६५ रोजी आपला पस्तिसावा वर्धापन अंक काढला. पुढील दहा वर्षांत या धंद्यात काय घडेल ते लिहून द्या, अशी विनंती संपादकांनी काही जाणत्यांना केली होती. फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर कंपनीच्या संशोधन विभागाचे छत्तीस वर्षांचे प्रमुख गॉर्डन मूर त्यांतले एक. चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत राहील, असे त्यांनी चार पानांच्या लेखात मांडले. ‘मूरचा नियम’ म्हणतात तो हा. त्याच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत इंटेलचा इतिहास यावा हे रास्तच आहे. लेख फेअरचाइल्डमध्ये बसून लिहिला गेला, पण त्यातला वायदा पाळून दाखवण्याचे काम मुख्यतः मूर यांनी तीन वर्षांनंतर उभ्या केलेल्या संस्थेने केले. मूर २४ मार्च २०२३ रोजी हवाई येथे वयाच्या ९४व्या वर्षी निवर्तले. त्यामुळे या पानांना थोडे श्रद्धांजलीचेही रूप आले आहे.

पूर्वपीठिका : १९५६ ते १९६८

मूर मूळचे रसायनशास्त्राचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला समुद्रकाठी पेस्काडेरो नावाचे छोटे गाव आहे, तेथे त्यांचे बालपण गेले. वडील परगण्याचे डेप्युटी शेरीफ. शेजारच्या मुलाला भेट मिळालेल्या रसायनांच्या संचातून दोघांना स्फोटके बनवण्याचा नाद लागला आणि तो नाद मूर यांना बर्कली व पुढे कॅलटेकपर्यंत घेऊन गेला. डॉक्टरेटनंतर ते मेरीलँडमधील जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे एकदा त्यांनी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांवरचा खर्च शब्दसंख्येने भागून पाहिला. शब्दाला पाच डॉलर पडत होते. करदात्यांचा पैसा यातून वसूल होतो का, याची त्यांना शंका आली. नगाला किती पडले, हा प्रश्न विचारण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली, आणि त्यांचा नियमही तिच्यातूनच निघाला.

१९५६ साली विल्यम शॉकली यांनी त्यांना कॅलिफोर्नियात बोलावून घेतले. ट्रान्झिस्टरच्या तीन जनकांपैकी शॉकली एक. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळाले. त्यांची आई पालो अल्टोत राहत असे, म्हणून प्रयोगशाळा शेजारच्या माउंटन व्ह्यूत निघाली. पेअर, जर्दाळू आणि प्लमच्या बागांसाठी ओळखले जाणारे हे खोरे सिलिकॉनचे झाले, त्यामागे असे घरगुती कारण आहे. शॉकली यांची बुद्धी वादातीत होती, पण त्यांच्या हाताखाली काम करणे सोपे नव्हते. १९५७ च्या सप्टेंबरात ज्युलियस ब्लँक, व्हिक्टर ग्रिनिच, जीन होर्नी, यूजीन क्लायनर, जे लास्ट, शेल्डन रॉबर्ट्स, रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर हे आठजण एकदमच बाहेर पडले. त्या वेळी कोण कोणास काय म्हणाले, हे उगाळण्यात आता अर्थ नाही. भांडवलाची जुळवाजुळव आर्थर रॉक यांनी केली. करारपत्र तयार नव्हते म्हणून सर्वांनी एक डॉलरच्या कोऱ्या करकरीत नोटांवर सह्या केल्या. शर्मन फेअरचाइल्ड यांच्या कंपनीने १३ लाख ८० हजार डॉलर घातले आणि फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर उभी राहिली.

तेथे होर्नी यांनी सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर खरवडून न टाकता तसाच राखण्याची, म्हणजे सपाट ट्रान्झिस्टर बनवण्याची, रीत बसवली. त्या थरावरून धातूच्या वाटा नेऊन अनेक घटक एकाच तुकड्यावर जोडता येतील, हे १९५९ मध्ये नॉइस यांनी हेरले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे जॅक किल्बी काही महिने आधी वेगळ्या मार्गाने तेथे पोचले होते. इंटिग्रेटेड सर्किटचे पितृत्व म्हणून दोघांकडे जाते.

मूर यांच्या १९६५ च्या लेखाला ही पार्श्वभूमी आहे. त्यातला युक्तिवाद वेगाचा नाही, दराचा आहे. चिपवर जितके घटक जास्त, तितका एकेकाचा खर्च कमी. पण फार दाटीवाटी केली की सदोष चिपा वाढतात आणि खर्च पुन्हा चढू लागतो. या दोहोंच्या मधला सर्वांत स्वस्त बिंदू तेव्हा पन्नासेक घटकांवर होता आणि तो दरवर्षी पुढे सरकत होता. मूर यांनी रेघ वाढवली आणि १९७५ साठी ६५,००० हा आकडा काढला. घरगुती संगणक, मोटारीतील स्वयंचलित नियंत्रणे, जवळ बाळगायचे संपर्कयंत्र, सारे त्या लेखात आहे. शेजारच्या व्यंगचित्रात तर एक विक्रेता सौंदर्यप्रसाधनांच्या कौंटरलगत घरगुती संगणक मांडून बसला आहे.

पण सभासमारंभांतून त्या लेखाचा उल्लेख होतो तेव्हा त्यातल्या दोन गोष्टी हमखास गाळल्या जातात. इतके घटक एकत्र कोंबले तर उष्णता बाहेर कशी काढणार, हा प्रश्न मूर यांनी स्वतःच विचारला होता. घटक लहान झाले की तेवढ्याच क्षेत्रफळावर तेवढ्याच विजेत ते अधिक वेगाने चालतात, हे उत्तरही त्यांनीच दिले. दुसरी गोष्ट म्हणजे मोठी यंत्रणा एकाच तुकड्यावर रचण्यापेक्षा लहान तुकडे वेगवेगळे बनवून जोडणे कदाचित स्वस्त पडेल, असेही त्यांनी लिहून ठेवले होते. या दोन्ही वाक्यांची परीक्षा पुढे इंटेललाच द्यावी लागली.

स्थापना आणि पहिले दशक : १९६८ ते १९७८

१८ जुलै १९६८ रोजी नॉइस आणि मूर यांनी माउंटन व्ह्यूत नव्या कंपनीची नोंदणी केली. आधी नाव होते एन. एम. इलेक्ट्रॉनिक्स. ‘इंटेल’ हे नाव मिळवण्यासाठी त्यांना दुसऱ्या एका कंपनीला १५,००० डॉलर मोजावे लागले. दोघांनी प्रत्येकी सुमारे अडीच लाख डॉलर घातले, रॉक यांनी आणखी २५ लाख उभे केले, आणि त्यासाठी नॉइस यांनी टंकलेखित केलेला मसुदा अवघ्या एका पानाचा व बराच मोघम होता. माणसांची पत पाहून पैसा मिळण्याचा तो काळ होता. पहिल्या दिवसापासून सोबत आलेले अँडी ग्रोव्ह मूळचे बुडापेस्टचे. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून निसटलेला हा निर्वासित तरुण न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकला, बर्कलीतून डॉक्टर झाला. नॉइस यांनी माणसे जिंकावीत, मूर यांनी दिशा सांगावी आणि ग्रोव्ह यांनी काम वेळेवर पुरे करून घ्यावे, अशी वाटणी न ठरवता ठरली. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनंतर येणाऱ्याने दारावरच्या यादीत नाव लिहून सही करायची, हा ग्रोव्ह यांचा दंडक पुढे कित्येक वर्षे चालला. ‘लेट मार्क’ ही काही फक्त आपल्याकडच्या कचेऱ्यांची मिरास नाही.

संस्थेचा आरंभीचा धंदा मेमरी चिपांचा होता. १९६९ मध्ये ६४ बिटांची ३१०१ आली, १९७० मध्ये एक किलोबिटची ११०३. चुंबकी कड्यांची जुनी मेमरी या ११०३ ने हटवली, आणि १९७२ पर्यंत ती जगात सर्वाधिक खपणारी अर्धवाहक मेमरी झाली. प्रोसेसर मात्र ध्यानीमनी नसताना आला. जपानच्या बिझिकॉम कंपनीला गणकयंत्रासाठी चिपांचा एक मोठा संच हवा होता. इंटेलचे टेड हॉफ यांनी सुचवले की प्रत्येक कामाला वेगळी चिप करण्यापेक्षा आज्ञावलीवर चालणारी एकच सर्वसाधारण चिप करावी. हॉफ आणि स्टॅन मेझर यांनी आराखडा आखला, इटलीहून आलेल्या फेडेरिको फॅजिन यांनी तो प्रत्यक्ष सिलिकॉनमध्ये उतरवला, बिझिकॉमचे मासातोशी शिमा त्यांच्या जोडीला बसले. श्रेयाची वाटणी कशी व्हावी याविषयी पुढे मतभेद झाले. या स्मरणिकेपुरते चौघेही मानकरी आहेत. १५ नोव्हेंबर १९७१ रोजी जाहीर झालेल्या ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते, सर्वांत बारीक रेघ १० मायक्रॉनची, आणि घड्याळ सेकंदाला सुमारे ७,४०,००० ठोक्यांचे. हक्क आधी बिझिकॉमकडे होते. त्यांचे ६०,००० डॉलर परत करून संस्थेने ते सोडवून घेतले. इतक्या स्वस्तात एवढा मोठा सौदा या खोऱ्यात पुन्हा झाला असेल असे वाटत नाही.

ज्यांची नावे कोणत्याच पेटंटवर नाहीत अशा माणसांची नोंद येथेच करायला हवी. तेव्हा चिपचा नकाशा शेकडो पट मोठा करून तांबड्या पातळ फिल्मवर सुरीने हाताने कापत आणि मग छायाचित्राने लहान करीत. एक पट्टी सुटली किंवा जास्त कापली गेली की चिप मेलीच. ते काम करणाऱ्या आरेखक, भट्ट्यांपाशी पाळ्या करणारे तंत्रज्ञ, १९७२ मध्ये मलेशियातील पेनांग येथे निघालेल्या संस्थेच्या पहिल्या परदेशी कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक तारा जोडणाऱ्या कामगार स्त्रिया: मूर यांनी कागदावर ओढलेली रेघ पुढे सरकली ती या हातांनी.

सगळेच बेत काही साधले नाहीत. १९७२ मध्ये मायक्रोमा ही डिजिटल घड्याळांची कंपनी घेतली. घड्याळ हे चिपपेक्षा दागिन्याच्या जवळचे असते, हे कळेपर्यंत काही वर्षे गेली आणि पैसेही. मूर पुढे कित्येक वर्षे ते घड्याळ मनगटावर बांधत आणि हे माझे दीड कोटी डॉलरचे घड्याळ, म्हणून दाखवीत. १९७५ मध्ये ते अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी झाले. त्याच वर्षी त्यांनी आपला अंदाजही सुधारला. दुपटीला एक वर्ष पुरणार नव्हते, दोन लागणार होती. कॅलटेकचे कार्व्हर मीड यांनी या अंदाजाला ‘मूरचा नियम’ म्हणायला सुरुवात केली. ‘अठरा महिन्यांत दुप्पट’ हे जे सर्वत्र छापले जाते, ते इंटेलचे डेव्हिड हाउस यांनी कार्यक्षमतेविषयी केलेले विधान. मूर ते आपले नसल्याचे सांगत.

दुसरे दशक : १९७८ ते १९८८

१९७८ च्या जूनमध्ये २९,००० ट्रान्झिस्टरांची ८०८६ आली. तिची स्वस्त बहीण ८०८८ आयबीएमने आपल्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी निवडली आणि १२ ऑगस्ट १९८१ रोजी तो बाजारात आला. आज टेबलावरच्या बहुतेक संगणकांत त्याच घराण्याची भाषा चालते.

तरीही याच दशकात संस्था बुडायची वेळ आली होती. मेमरी चिपांत जपानी कंपन्यांनी दर्जा आणि दर या दोन्ही बाबतींत आघाडी घेतली. १९८५ च्या मध्यावर मूर आणि ग्रोव्ह कचेरीत हताश बसले होते. आपल्याला काढून संचालक मंडळाने नवा माणूस आणला तर तो काय करील, असे ग्रोव्ह यांनी विचारले. तो मेमरीचा धंदा बंद करील, असे मूर यांनी तत्काळ सांगितले. मग आपणच दारातून बाहेर जाऊन परत येऊन ते का करू नये, असा ग्रोव्ह यांचा सवाल होता. हा प्रसंग ग्रोव्ह यांनीच पुढे आपल्या पुस्तकात लिहिला आहे. व्यवस्थापनाच्या वर्गांत तो धैर्याचे उदाहरण म्हणून शिकवतात. मला त्यात मूर यांच्या उत्तराचा तत्काळपणा अधिक दिसतो. हिशेब त्यांच्या मनात आधीच पुरा झालेला होता, तो मोठ्याने म्हणायला कोणी सांगितले नव्हते इतकेच. ज्या वस्तूवर संस्था उभी राहिली तीच तिने सोडली. १९८६ चा तोटा १७ कोटी ३० लाख डॉलर होता, कारखाने बंद झाले आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. या संस्थेचे पुढचे वैभव त्यांच्याही खर्चाने उभे राहिले आहे.

१९८५ च्या ऑक्टोबरातच २,७५,००० ट्रान्झिस्टरांची ८०३८६ जाहीर झाली आणि तिने संस्थेला तारले. १९८७ मध्ये मूर यांनी धुरा ग्रोव्ह यांच्याकडे सोपवली आणि १९९७ पर्यंत ते मंडळाचे अध्यक्ष राहिले. त्याच १९८७ मध्ये तैवानात मॉरिस चँग यांनी दुसऱ्यांच्या चिपा बनवून देणारी टीएसएमसी काढली. त्या नवख्या कारखान्याला आरंभी दर्जाचे प्रमाणपत्र आणि काम देणाऱ्यांत इंटेल होती.

तिसरे दशक : १९८८ ते १९९८

हे भरभराटीचे दशक, म्हणून थोडक्यात आटोपतो. ३ जून १९९० रोजी नॉइस गेले. १९९१ पासून ‘इंटेल इनसाइड’चे स्टिकर संगणकांवर झळकू लागले आणि आतला भाग ग्राहकाला नावाने ठाऊक झाला. मार्च १९९३ मध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टरांचा पेंटियम आला. त्याच्या रचनेत ज्यांचा मोठा वाटा, त्यांत दोघांचा महाराष्ट्राशी संबंध आहे. विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. फाळणीत रावळपिंडी सोडून आलेल्या कुटुंबातला हा मुलगा दिल्लीत अभियंता झाला आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये दाखल झाला. अवतार सैनी मुंबईच्या व्हीजेटीआयचे विद्यार्थी. पुढे त्यांनी संस्थेच्या दक्षिण आशियातील कामाची जबाबदारी सांभाळली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत सायकल चालवताना झालेल्या अपघातात ते गेले.

१९९४ मध्ये व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक टॉमस नाइसली यांना पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली. सर्वसामान्याला ती क्वचितच भेटली असती, आणि संस्थेने आधी तोच बचाव केला. मग मात्र मागेल त्याला चिप बदलून दिली. खर्च ४७ कोटी ५० लाख डॉलर.

चौथे दशक : १९९८ ते २००८

या दशकापाशी थांबायला हवे, कारण मूर यांनी १९६५ मध्ये उष्णतेला दिलेले उत्तर येथे खोटे पडले.

ते उत्तर आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये नीट गणितात बसवले होते. ट्रान्झिस्टर लांबी-रुंदीला लहान करा आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवा, म्हणजे चिपच्या तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर मावतील, ते अधिक वेगाने चालतील आणि तापमान मात्र तेवढेच राहील. सुमारे तीन दशके हा जणू फुकटचा फायदा होता. नवी चिप आणली की जुनाच प्रोग्रॅम आपोआप जलद धावे. पण व्होल्टेज एक व्होल्टच्या आसपास येऊन अडले. त्याहून खाली जायचे तर ट्रान्झिस्टर अर्धवट मिटलेला राहतो आणि बंद असतानाही वीज झिरपते. ९० नॅनोमीटरच्या पिढीत ट्रान्झिस्टरच्या दाराखालचा (गेटखालचा) ऑक्साइडचा थर १.२ नॅनोमीटरवर आला होता, म्हणजे जेमतेम पाच अणूंची जाडी. एवढ्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन आरपार जातात. कारागिराने कितीही हात चालवला तरी अणू कापता येत नाही.

धोक्याची सूचना घरातूनच मिळाली होती. २००१ मध्ये संस्थेचे पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत सांगितले की चिपांची उष्णता याच गतीने वाढली तर दशकाच्या मध्यापर्यंत ती तेवढ्याच क्षेत्रफळावर अणुभट्टीच्या आणि पुढच्या दहा वर्षांत सूर्याच्या पृष्ठभागाच्या पंक्तीला जाऊन बसेल. तरी पेंटियम ४ ची रचना गिगाहर्ट्झ वाढवत नेण्यासाठीच झाली होती आणि दहा गिगाहर्ट्झच्या गोष्टी होत होत्या. बाजाराला एकच आकडा समजत होता आणि तो शिकवला होता संस्थेनेच. २००४ च्या मे महिन्यात तेजस नावाची पुढची चिप रद्द झाली. ऑक्टोबरात चार गिगाहर्ट्झचा पेंटियमही रद्द झाला आणि तत्कालीन प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेत व्यासपीठावर गुडघे टेकून क्षमा मागितली. गाडी ३.८ गिगाहर्ट्झवर थांबली. १९७१ ते २००४ या तेहतीस वर्षांत घड्याळ पाच हजार पटींनी वाढले होते. त्यानंतरच्या दोन दशकांत ते धड दुप्पटही झालेले नाही. ज्या ६.२ गिगाहर्ट्झचा २०२४ मध्ये गाजावाजा झाला, तेवढा वेगही थोड्या वेळापुरता आणि जबरदस्त थंडाव्याच्या जोरावर मिळतो.

मग एकाऐवजी दोन, चार, आठ गाभे एका चिपवर बसवण्याची वाट धरली गेली. इस्रायलमधील हैफाच्या चमूने लॅपटॉपसाठी कमी विजेत चालणारी रचना तयार केली होती. त्या कामातून २००६ चा कोअर २ ड्युओ निघाला. पण गाभे वाढवले म्हणून काम त्याच पटीत वेगाने होईल असे नाही. जीन आमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवले होते की कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, एकूण वेग दहापटीपुढे जात नाही. पंगतीत वाढपी वाढवले म्हणून भात लवकर शिजत नाही. आपल्याकडे पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, तेव्हा विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक साधे प्रोसेसर जोडून महासंगणक करण्याचाच मार्ग धरला होता. १९९१ चा परम ८००० ट्रान्सप्युटरांवर उभा राहिला आणि त्याच्या पुढच्या आवृत्तीत इंटेलचा आय८६० आला. त्यांना तो मार्ग अमेरिकेच्या निर्बंधांमुळे घ्यावा लागला. सगळ्या जगाला तो पंधरा वर्षांनी भौतिकशास्त्रामुळे घ्यावा लागला. कामाचे तुकडे पाडून प्रोग्रॅम लिहिण्याची डोकेदुखी पुण्याच्या मंडळींना तेव्हाच ठाऊक झाली होती.

झिरपणाऱ्या विजेवर उपाय निघाला तो रसायनाचा. २००७ मध्ये ४५ नॅनोमीटरच्या पिढीत संस्थेने सिलिकॉनच्या ऑक्साइडऐवजी हॅफ्नियमचा जाड थर आणि धातूचे दार वापरले. साठच्या दशकानंतर ट्रान्झिस्टरात झालेला हा सर्वांत मोठा बदल, असे तेव्हा ७८ वर्षांचे असलेले मूर म्हणाले. रसायनशास्त्रज्ञाला त्यात विशेष समाधान वाटले असणार.

पाचवे दशक : २००८ ते २०१८

२०११ मध्ये संस्थेने सपाट ट्रान्झिस्टर सोडून उभ्या पात्याचा, तिन्ही बाजूंनी वेढलेला ट्रान्झिस्टर जाहीर केला आणि पुढच्या वर्षी २२ नॅनोमीटरच्या चिपांत आणलाही. होर्नी यांच्या सपाट घराण्याचा हा निरोप होता. याच काळात खिशातल्या फोनचा बाजार फोफावला आणि तो संस्थेच्या हातून निसटला. त्याची कारणे अनेक, जबाबदारी सामूहिक.

२०१२ मध्ये संस्थेने नेदरलँड्सच्या एएसएमएलमध्ये ४१० कोटी डॉलर गुंतवले. वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५०,००० वेळा लेझर मारून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काढायचा आणि त्याने चिपवर रेघा उमटवायच्या, असे त्या कंपनीचे नवे यंत्र. पण ते वेळेत तयार होईल याचा भरवसा नव्हता. म्हणून दहा नॅनोमीटरची पिढी जुन्याच प्रकाशाने, एक रेघ चार-चार फेऱ्यांत कोरून, आणि घनता नेहमीपेक्षा बरीच जास्त ठेवून करायचे ठरले. २०१६ ला ठरलेल्या चिपा भरघोस संख्येने बाहेर पडायला २०१९ उजाडले. मधल्या काळात चौदा नॅनोमीटरचीच पिढी नावापुढे अधिकचिन्हे जोडत पुन्हा पुन्हा बाजारात आली. ज्या यंत्रासाठी इंटेलने पैसा ओतला, त्याचा लाभ आधी तैवानला झाला. २०१८ मध्ये, सुवर्णमहोत्सवाच्याच वर्षी, टीएसएमसी पुढे निघून गेली.

२०१८ नंतर

४००४ चे २,३०० ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट करत गेलो तर २०२३ पर्यंत सव्वीस दुपटी होतात आणि आकडा येतो साधारण १५,४०० कोटी. त्या वर्षी अॅपलने काढलेल्या एम२ अल्ट्रामध्ये १३,४०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. अर्धशतकानंतर इतके जवळचे उत्तर द्यावे, अशी रेघ अर्थशास्त्रात दुसरी नसेल. पण ही चिप इंटेलची नाही, आणि एकसंधही नाही. दोन तुकडे शेजारी ठेवून जोडलेले आहेत. लहान तुकडे जोडणे स्वस्त पडेल, हे मूर यांचे वाक्य आता साऱ्या उद्योगाचा शिरस्ता झाले आहे, आणि इंटेलच्या स्वतःच्या नव्या प्रोसेसरांतही तसेच तुकडे असतात.

एप्रिल २०२२ मध्ये ओरेगॉनमधील हिल्सबरोच्या संशोधन परिसराला मूर यांचे नाव दिले गेले. त्यांनी आणि पत्नी बेटी यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाचा पैसा मात्र चिपांपेक्षा निसर्गरक्षण, रुग्णसेवा आणि मूलभूत विज्ञानाकडे जातो. तीस मीटरच्या नियोजित महादुर्बिणीला त्याने मोठा आधार दिला. त्या प्रकल्पातील भारतीय वाट्यात पुण्याची आयुका आहे.

संस्थेची अलीकडची वर्षे कठीण गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये डाऊ जोन्स निर्देशांकात तिच्या जागी एनव्हिडिया आली. त्या वर्षीचा तोटा सुमारे १,८८० कोटी डॉलर होता. प्रमुख म्हणून परतलेले गेल्सिंगर डिसेंबरात पायउतार झाले आणि मार्च २०२५ मध्ये लिप-बू टॅन आले. ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने सुमारे दहा टक्के भाग घेतला, सप्टेंबरात एनव्हिडियाने ५०० कोटी डॉलर गुंतवण्याचे जाहीर केले. ऑक्टोबरात अॅरिझोनातील कारखान्यात १८ए ही नवी पिढी सुरू झाल्याची घोषणा झाली. तिच्यात ट्रान्झिस्टराला चारी बाजूंनी वेढा आहे आणि वीजपुरवठा चिपच्या पाठीमागून येतो, म्हणजे पुढची जागा संदेशांच्या तारांना मोकळी मिळते. तांत्रिकदृष्ट्या हे काम पहिल्या प्रतीचे आहे.

पुढची पिढी १४ए. तिच्यासाठी हवी ती यंत्रे आहेत, माणसे आहेत, अणूंनीही अजून वाट पूर्ण अडवलेली नाही. पण एका अद्ययावत कारखान्याचा खर्च आता हजारो कोटी डॉलरांत जातो आणि एकट्या स्वतःच्या चिपांवर तो वसूल होत नाही. जुलै २०२५ मध्ये संस्थेने भागधारकांना लेखी कळवले की १४ए साठी बाहेरचा मोठा ग्राहक मिळाला नाही, तर हे काम थांबवावे किंवा सोडून द्यावे लागेल. २०२५ अखेरपर्यंत तसा ग्राहक जाहीर झालेला नव्हता.